साक्ष फारच छान झाली

पुरुषोत्तम रिसबूड या माणसाला देवाने दोनच गोष्टी हात सैल सोडून दिल्या होत्या. एक भरदार आवाज, आणि दुसरी, त्या आवाजात काहीही ठोकून दिलं तरी ते खरं वाटावं अशी खात्री. बाकी सगळा आनंदच. केस तिशीत गेले, नजर तर शाळेतच गेली, आणि बॅडमिंटन खेळताना तो शटल सोडून इतर सगळ्याला रॅकेट मारायचा. हे आम्ही नाही म्हणत हो, तोच म्हणतो. हल्ली म्हणतो. पूर्वी नव्हता म्हणत.

पूर्वी, म्हणजे दोन हजार सहाच्या ऑक्टोबरपर्यंत, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळींत त्याच्याइतका रंगतदार माणूस नव्हता. सोमवार ते शुक्रवार एका विमा कंपनीच्या आयटी विभागात स्क्रीनकडे बघत बसायचं आणि शनिवारी कोणाकडे ना कोणाकडे जेवायला जायचं, असा त्याचा नेम. जेवणं उरकली, मंडळी मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत, बडीशेप चघळत बसली, की कोणीतरी म्हणायचंच, “पुरू, तो अमेरिकेचा किस्सा सांग ना रे. ह्यांनी ऐकला नाहीये.” ‘ह्यांनी’ म्हणजे पुण्याहून नुकतंच वर्क परमिटवर आलेलं एखादं बिचारं जोडपं. “जाऊ दे रे, किती वेळा तेच,” असं पुरुषोत्तम म्हणायचा, आणि म्हणता म्हणता खुर्ची पुढे ओढून घ्यायचा.

किस्सा असा. शहाण्णव साली तो अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका राज्यात, कुठल्याशा लहान गावी प्रोजेक्टवर होता. संध्याकाळी पेट्रोल पंपावरच्या दुकानात दूध आणायला निघाला. दारापाशी पोचतो तोच आत गोळीचा आवाज, दार धाडकन उघडलं आणि एक माणूस थेट ह्याच्या अंगावर आला. इथे पुरुषोत्तम थांबायचा. चष्मा काढून पुसायचा. “क्षणभर,” तो हळूच म्हणायचा, “आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं.” मग तो माणूस पळाला. आत दुकानदार मरून पडला होता. मग पोलीस आले, टेबलावर सहा फोटो मांडले गेले, पुरुषोत्तमने एका फोटोवर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. बारा ज्युरी, काळा झगा घातलेले जज्ज, आणि सरकारी वकिलाने विचारलं, “तुमची खात्री आहे?” तेव्हा पुरुषोत्तम खुर्चीतून अर्धा उठला, आरोपीवर बोट रोखलं आणि म्हणाला, “हा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.” मग आवाज खालच्या पट्टीत. “मृत्युदंड झाला.”

मीनल, म्हणजे त्याच्या मित्राची, राजीवची बायको, दर वेळी म्हणायची, “बाई गं, अंगावर काटा आला.” मग चहा यायचा.

त्याच्या वागण्याचं मूळ शाळेत होतं, असं तो आता सांगतो. सदाशिव पेठेतल्या शाळेत त्याने वक्तृत्व स्पर्धांची इतकी बक्षिसं मारली होती, की आईने त्यातल्या पेल्यांत डाळी भरून ठेवल्या होत्या. ‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयावर तो सकाळच्या गटात शाप म्हणून पहिला आला होता, आणि दुपारच्या गटात वरदान म्हणून पहिला. शिक्षकांनी पाठ थोपटून सांगितलं होतं, “रिसबूड, मुद्दा आठवला नाही तरी अडखळायचं नाही. अडखळला तो संपला.” एवढं एकच शिक्षण त्याच्या अंगी पक्कं मुरलं. बाकी इंजिनिअरिंग वगैरे झालं आपलं कसंतरी.

तर ऑक्टोबरात एके दिवशी फोन आला. बाई अमेरिकन होत्या, नाव जोलीन प्रुइट. मेबरी खटल्याच्या कामासाठी इंग्लंडला येतेय, भेटाल का, असं त्यांनी विचारलं. कर्टिस मेबरी, म्हणजे किस्स्यातला तो आरोपी, हे नाव ऐकल्यावर पुरुषोत्तमची छाती इंचभर फुगली. कुठल्या बाजूचं काम, हे विचारायला हवं होतं. कोणीही विचारलं असतं. पण याच्या डोक्यात आलं ते असं, की दहा वर्षं होतायत, अमेरिकन सरकारला कुठे ना कुठे आठवण झाली असणार. आणि मराठी माणूस म्हटल्यावर पुढचं वाक्य तोंडातून गेलंच, “एवढ्या लांबून येताय तर जेवायलाच या!”

“सत्कार करतायत की काय तुझा?” राजीवने विचारलं.

“छे रे, सत्कार कसला,” पुरुषोत्तम म्हणाला आणि ब्लेझर ड्राय क्लीनिंगला टाकला.

शनिवारी जोलीनबाई आल्या. पन्नाशीच्या, सपाट बुटांतल्या, केस आखूड कापलेल्या, दमलेल्या. पुरुषोत्तमची बायको अर्चना हिने मसालेभात, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं होतं, तिखटाला हात आखडून. राजीव आणि मीनल होतेच, प्रेक्षकांशिवाय कसं चालेल? बाईंनी दोनदा भात घेतला, श्रीखंडाला ‘ओ माय’ म्हणाल्या. आणि मग राजीवने, सवयीने, इंग्रजीतून म्हटलं, “पुरू, टेल देम द स्टोरी.”

पुरुषोत्तमने सांगितली. आणि काय सांगितली म्हणता! त्या दिवशी त्याचा आवाज असा लागला होता की मागच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकत होतं. चष्मा पुसला, डोळ्यांत बघितलं, बोट रोखलं. “तो हसला,” तो म्हणाला, “आणि त्याचा सोन्याचा दात चमकला.” मृत्युदंडापाशी आला तेव्हा जोलीनबाईंनी चमचा वाटीत ठेवला होता.

“सोन्याचा दात?” त्या म्हणाल्या. “कर्टिसला सोन्याचा दात नाही. कधीच नव्हता. साक्षीत तुम्ही दाताचं बोललाही नव्हतात.”

पुरुषोत्तम काही बोलणार, तोच राजीव मदतीला धावला. हा राजीव म्हणजे मदतीला धावण्यासाठीच जन्मलेला माणूस. “दात नंतर आला,” पाहुणीला कळावं म्हणून त्याने चांगल्या इंग्रजीत समजावून सांगितलं. “आधी गालावर व्रण होता.”

“अहं, व्रण ब्रिस्टलला,” मीनल म्हणाली. “ते दिवाळीचं संमेलन नव्हतं का? हॉल मोठा होता, मागच्यांना पोचायला हवं म्हणून याने व्रण घातला. दात आमच्या हाउसवॉर्मिंगला.”

“आणि पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा त्याने टोपी घातली होती,” राजीव म्हणाला. “मला टोपीच आवडायची.”

दोघंही किती प्रेमाने बोलत होते! त्यांना वाटत होतं आपण मित्राच्या कलेचा इतिहास सांगतोय. अर्चना मात्र जोलीनबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिने राजीवला डोळ्यांनी गप्प केलं.

मग बाईंनी सांगितलं. त्या सरकारच्या नव्हत्या. त्या कर्टिसच्या वकिलांसाठी तपास करत होत्या. पिस्तूल कधी सापडलं नाही. बोटांचे ठसे जुळले नाहीत. कर्टिस त्या गावाचाही नव्हता, बहिणीकडे आला होता, आणि फोटो पोलिसांकडे होता तो दुसऱ्याच एका भांडणातला. “खटल्यात पुरावा एकच होता, मिस्टर रिसबूड. तुम्ही. निकालानंतर ज्युरीतल्या लोकांशी मी बोलले आहे. ते म्हणतात, असा साक्षीदार आम्ही आयुष्यात पाहिला नव्हता.”

हे कौतुक नव्हे, हे समजायला पुरुषोत्तमला एक क्षण लागला. तो क्षणभर सुखावलासुद्धा होता, आणि त्याबद्दल तो स्वतःला आजही शिव्या घालतो.

“म्हणजे तो,” त्याने विचारलं, “तो अजून आहे?”

“आहे.”

हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. किस्सा मृत्युदंडापाशी संपायचा, नंतर चहा यायचा. त्यापुढे तो माणूस रोज उठतो, दात घासतो, कोठडीत बसतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

“डिसेंबरच्या आधी एक सुनावणी आहे,” बाई म्हणाल्या. “जज्ज नव्याने साक्ष ऐकतील अशी बहुधा शेवटचीच. तुम्ही बोलायला तयार असाल, तर व्हिडिओ लिंकवर बोलता येईल. मी तुमच्याकडे काही मागत नाही. कर्टिस निर्दोष आहे असं म्हणा, असंही म्हणत नाही. मला फक्त तुम्ही काय पाहिलंत ते हवंय. जे सांगत आलात ते नको.”

जाताना अर्चनाने त्यांना श्रीखंडाचा डबा बांधून दिला. दुसरं काय करणार?

सोमवारी पुरुषोत्तम ऑफिसला गेला. रिसेप्शनवरची शेरिल नेहमीप्रमाणे म्हणाली, “मॉर्निंग, राजीव!” आता हा राजीव त्याच कंपनीत होता, पण सहा फूट उंच, डोक्यावर रान माजल्यासारखे केस, वर मिशी. आणि हा टकला, चष्मेवाला, मीनलच्या खांद्याला लागणारा. तरी शेरिल दोघांत घोटाळा करायची, वर्षानुवर्षं, अगदी प्रेमाने. पुरुषोत्तमला याचा इतका संताप यायचा, की ‘तुम्हा लोकांना आम्ही सगळे सारखेच’ यावर त्याने ऑफिसात दोनदा छोटेखानी भाषणं ठोकली होती. त्या दिवशीही त्याने तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.

कारण त्याला शहाण्णव सालातला स्वतःचा प्रोजेक्ट आठवला. त्या टीममध्ये दोन काळे सहकारी होते, आणि अमेरिकेत येऊन दोन महिने झालेल्या पुरुषोत्तमला त्यातला कुठला कोणता हे कळत नसे. लाज वाटायची, म्हणून तो दोघांनाही ‘बडी’ म्हणायचा. दोघंही छान हसायचे. रोज आठ तास समोर बसणाऱ्या दोन माणसांत ज्याला फरक करता येत नव्हता, त्या गाढवाने दारातून पळणारा एक काळा माणूस सहा फोटोंतून ओळखला होता. तेही विचार न करता. पोलीस वाट बघत होता, टेबलावर पेपर होता, आणि हुशार मुलगा उत्तर कोरं सोडत नाही. त्याने बोट ठेवलं. “गुड जॉब,” पोलीस म्हणाला, आणि झालं, त्यानंतर तो चेहरा पक्का झाला. कोर्टात त्याने ओळखला तो दारातला माणूस नव्हता, फोटोतला होता.

लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, तो समोर उभाच. “राजीव, आर यू ऑल राइट, लव्ह?” शेरिलने विचारलं.

त्या संध्याकाळपासून पुरुषोत्तम आठवायला बसला. डोळे मिटले, दुकानाचं दार आणलं, गोळीचा आवाज आणला. दार उघडलं, की सोन्याचा दात. दात घालवला, की व्रण. व्रण घालवला, की टोपी. टोपी काढून टाकली, तर खाली चेहराच नव्हता. दहा वर्षं त्याने त्या आठवणीवर इतके हात फिरवले होते, की मूळ रंग कुठला हे त्यालाच ओळखू येईना. “मी स्वतःला फसवलंय गं,” तो अर्चनाला म्हणाला. “आणि किती सफाईने फसवलंय!”

अर्चना भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“तुझा चष्मा पडला होता,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी. तू मला पुण्याला फोन केला होतास, लगेच. आवाज थरथरत होता तुझा. म्हणालास, अगं, कोणीतरी आपटलं मला, चष्मा पडला, मला काही दिसेना. मी म्हटलं, दोरी लावत जा म्हणून कितीदा सांगितलं. तर तू चिडलास माझ्यावर. म्हणून लक्षात राहिलं माझ्या.”

पुरुषोत्तम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू किस्सा सांगायचास,” ती म्हणाली. “लोक बसलेले असायचे. नवऱ्याच्या किस्स्यात मध्येच चष्मा कुठे घुसवू? मला वाटायचं, कोर्टात सांगितलं असशील नीट. तिथे कोणी विचारलं असेल.” मग तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “मी त्या माणसाचा विचारच केला नाही रे. मला तू छान बोलतोस एवढंच वाटायचं.”

दोघं स्वयंपाकघरात उभी राहून रडली. चाळिशीची, घर असलेली, स्वच्छ चारित्र्याची दोन माणसं. आयुष्यात कोणाला साधं ढकललंही नव्हतं त्यांनी.

आता कोणालाही वाटेल, सुटला प्रश्न. पुरुषोत्तमलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी तो बागेत येरझाऱ्या घालताना अर्चनाने खिडकीतून ऐकलं. “मिलॉर्ड, त्या संध्याकाळी माझा चष्मा पडला, आणि त्याबरोबर,” इथे थांबणं, “एका निरपराध माणसाचं आयुष्य.” हात वर. शेजारचे मिस्टर हॉजेस कुंपणापलीकडून टाळ्या वाजवायच्याच बेतात होते.

अर्चना तरातरा बाहेर गेली. “बंद कर.”

“अगं, सराव करतोय. ह्या वेळी त्याला वाचवायचं म्हणजे...”

“तुला आठवतंय का चष्मा पडल्याचं?”

“तू सांगितलंस ना.”

“मी सांगितलं. तुला आठवतंय?”

त्याने खूप प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही.”

“आणि चेहरा आधी दिसला आणि मग चष्मा पडला, की आधी पडला?”

“नाही माहीत.”

“तो निरपराध आहे, हे माहितीये?”

“नाही.”

“मग पुन्हा तेच करतोयस तू,” अर्चना म्हणाली. “तेव्हा शाप म्हणून बोललास. आता वरदान म्हणून बोल. पहिला नंबर तुझाच.”

इतकं लागेल असं ती त्याला आयुष्यात कधी बोलली नव्हती. तो पायरीवरच्या ओल्या पानांत बसला. “अर्चना, पण ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणून कोणी वाचतं का?”

“ते मला नाही माहीत,” ती म्हणाली, आणि त्याही परिस्थितीत दोघांना हसू आलं.

सुनावणी नोव्हेंबरात झाली. तिकडची सकाळ, इकडची दुपार. क्रॉयडनला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात व्हिडिओ लिंकची सोय होती. मिल्टन कीन्सहून युस्टन, तिथून व्हिक्टोरिया, तिथून ईस्ट क्रॉयडन. बाहेर ट्राम घंटा वाजवत जात होती आणि लुनार हाउस या इमिग्रेशनच्या कचेरीच्या दिशेला व्हिसाच्या फायली काखेत घेतलेली आपली पोरं चालली होती. पुरुषोत्तमने ब्लेझर घातला नव्हता. अर्चनाने साधा निळा स्वेटर काढून दिला होता. तिला त्या खोलीत बसायची परवानगी नव्हती, ती बाहेर बसली.

पडद्यावर जज्ज एका कोपऱ्यात अंगठ्याएवढे दिसत होते. आवाज चित्राच्या मागून यायचा. दुसऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यांत एक टक्कल पडलेला, जाडसर माणूस बसला होता. पुरुषोत्तम त्याला शोधत होता, कर्टिस मेबरी कुठे आहे म्हणून. मग लक्षात आलं, तोच. मरेपर्यंत विसरणार नाही म्हणालेला चेहरा त्याने ओळखला नाही.

कर्टिसच्या वकिलांनी विचारलं, त्याने सांगितलं. पोलिसांच्या फोटोंबद्दल, टीममधल्या दोन सहकाऱ्यांबद्दल, बायकोला केलेल्या फोनबद्दल. ‘बडी’चा भागही सांगितला. मग सरकारी वकील उठला. तरुण होता, आवाज छान होता. पुरुषोत्तमने मनातल्या मनात त्याला गुण दिले. सवय जात नाही.

“मिस्टर रिसबूड, तुम्ही तेव्हा शपथेवर खोटं बोललात?”

“नाही. मला तेव्हा खरंच वाटत होतं.”

“मग आता खोटं बोलताय?”

“नाही.”

“खटल्यात तुम्ही म्हणालात, हा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला होतात ना?”

“हो. ते... ते वाक्य मी आदल्या दिवशी हॉटेलात तयार केलं होतं.”

“चष्मा पडल्याचं तुम्हाला स्वतःला आठवतं?”

“नाही.”

“म्हणजे पडला नसेलही?”

“नसेलही. मला माहीत नाही.”

“दारातून आलेला माणूस कर्टिस मेबरी होता?”

आता शिक्षकांचा आवाज कानात स्पष्ट आला, अडखळला तो संपला. एक शब्द पुरला असता. नाही. भरदार, छातीतून काढलेला ‘नाही’. त्या पडद्यावरच्या माणसाच्या गळ्यातला फास तेवढ्याने सैल झाला असता कदाचित. पुरुषोत्तमने तोंड उघडलं, पाणी प्यायला, पेला टेबलाच्या कडेला ठेवला, तो पडला. त्याने वाकून उचलला, आणि टेबलाखालूनच म्हणाला, “मला... आय डोन्ट नो. मला माहीत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं. मला वाटलं, माहीत असायला पाहिजे.”

“पुन्हा सांगाल? ऐकू आलं नाही.”

तो वर आला, चष्मा नाकाच्या टोकावर. “मला माहीत नाही,” तो म्हणाला. आवाज फाटका निघाला. जन्मात इतकं वाईट तो बोलला नव्हता. एकही वाक्य पूर्ण झालं नाही, हात कुठे ठेवायचे कळलं नाही, दोनदा ‘सॉरी’ म्हटलं. कोणी त्याला उत्तेजनार्थही बक्षीस दिलं नसतं.

बाहेर अर्चना उभी राहिली. “काय?”

“पार विचका केला,” तो म्हणाला. “पण एक शब्द खोटा नव्हता गं.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर तिने त्याचा हात धरला. एरवी चारचौघांत धरत नसे. ट्रेनमध्ये पुरुषोत्तमला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. आपण एका माणसाला वाचवलं असेल, असं त्याला वाटत होतं, आणि वाटण्याइतका हक्क आपल्याला आहे, असंही वाटत होतं.

निकाल जानेवारीत लागला. रविवार होता, अर्चना थालीपिठं लावत होती. फोनवर जोलीनबाई होत्या. त्या म्हणाल्या, आधी निकालातला एक परिच्छेद वाचून दाखवते. बाकीपेक्षा तोच महत्त्वाचा आहे.

जज्जांनी लिहिलं होतं, की मूळ खटल्यात साक्षीदार शांत, सुस्पष्ट आणि ठाम होता. तो ज्युरीकडे बघून बोलला. आता मात्र तोच साक्षीदार गोंधळलेला, अडखळणारा आणि नजर टाळणारा दिसला, एका महत्त्वाच्या प्रश्नाच्या वेळी तर तो टेबलाखाली गेला. इतक्या वर्षांनंतर बदललेली साक्ष मुळातच संशयास्पद असते. दोन्हींपैकी पहिली साक्ष विश्वासार्ह आहे, असं न्यायालयाचं मत झालं आहे. अर्ज नामंजूर.

पुरुषोत्तम खुर्चीत बसला. “मी पुन्हा बोलतो,” तो म्हणाला. “बाई, मला पुन्हा बोलू द्या. मी तिकडे येतो. उभा राहून बोलतो, नीट बोलतो. मला येतं नीट बोलता. तुम्हाला माहितीये मला येतं.”

“माहितीये,” त्या म्हणाल्या. “पण आता साक्षीची पायरी संपली. वरच्या कोर्टात फक्त कागद जातील. आम्ही प्रयत्न सोडणार नाही, पण तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही.” मग त्या म्हणाल्या, “कर्टिसने तुमच्यासाठी निरोप दिलाय. ऐकायचाय?”

“हो.”

“तो म्हणाला, त्या माणसाला सांगा, खटल्यात मी त्याचं बोलणं ऐकत होतो तेव्हा मलाच वाटायला लागलं होतं की मीच असेन. इतकं चांगलं बोलला तो. या वेळी बोलला ते पहिल्यांदा खरं वाटलं. तेवढ्याबद्दल आभार सांगा, म्हणाला.”

फोनवर तिकडून कुठलं तरी दार आपटल्याचा आवाज आला, मग जोलीनबाईंनी तारीख सांगितली, आणि पुरुषोत्तम हळूच ‘थँक यू’ म्हणाला, कारण इंग्लंडमध्ये राहून राहून फोन ठेवताना तेच तोंडात येतं.

अर्चना हातातलं उलथनं तसंच धरून दारात उभी होती. “काय म्हणाल्या?”

“मार्चमध्ये मारणार त्याला,” तो म्हणाला. “माझ्या साक्षीवर.”

“पण तू तर साक्ष फिरवलीस!”

“फिरत नाही ती,” पुरुषोत्तम म्हणाला, आणि त्याचा तो भरदार आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “फारच चांगली दिली होती गं मी.”